जुने पिस्तूल: जपावे, जिवंत करू नये

वसईच्या किल्ल्याने चार राजवटी पाहिल्या. १५३४ मध्ये वसई गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या मराठी फौजेने ती घेतली. १७८० च्या डिसेंबरात इंग्रजांच्या जनरल गोडार्डने किल्ला काबीज केला, सालबाईच्या तहाने तो पुन्हा मराठ्यांकडे आला आणि पेशवाई बुडाल्यावर कायमचा इंग्रजांकडे गेला. इतक्या फौजा ज्या मुलखातून गेल्या, तिथल्या जुन्या घराच्या माळ्यावर एखादे गंजलेले पिस्तूल निघाले तर नवल नाही. आज वसई-विरार पट्ट्यात वाड्यांमधली कौलारू घरे उतरवून इमारती उभ्या राहत आहेत. पेटारे उघडले जातात, फडताळे रिकामी होतात आणि त्यात कधी पणजोबांची ठासणीची बंदूक, तर कधी पितळी दस्त्याचे पिस्तूल हाती लागते. काहींना असे पिस्तूल घरात मिळते, तर काहींना बाजारात पाहून संग्रहाची हौस लागते.

दोघांनाही पहिला मोह एकच होतो: गंज काढू, कमान (स्प्रिंग) बसवू, घोडा पुन्हा 'खट्' वाजला पाहिजे. नेमके तेच करायचे नाही. भारतात जुन्या लष्करी पिस्तुलाचा संग्रह करता येतो, पण ते चालू करण्याचा छंद कायद्यात बसत नाही आणि वस्तूच्या हिताचाही नसतो. जतन आणि दुरुस्ती यांतली रेघ कुठे आहे ती ओळखणे, हेच या छंदातले खरे कौशल्य आहे.

सर्वांत आधी: ते भरलेले आहे का?

जुने पिस्तूल हातात आले की ते भरलेले आहे असे धरूनच चालावे. बंदुकीची काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दोनशे वर्षांनीही पेट घेऊ शकते. पूर्वी पिस्तूल भरून उशाशी किंवा खोगिराला ठेवत. बार उडवण्याची वेळ आली नाही, तर तो तसाच नळीत राहून जाई. म्हणून नळीचे तोंड कधीही माणसाकडे धरू नये, घोडा ओढून पाहू नये, चापाला बोट लावू नये.

ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून भरायच्या, पिस्तुलाची तपासणी सोपी आहे. लाकडाची किंवा बांबूची बारीक काठी घ्यावी, लोखंडी सळई नको. नळीच्या तोंडासमोर चेहरा किंवा हात येणार नाही असे बाजूला उभे राहून काठी अलगद आत सोडावी आणि ती टेकली की तोंडाशी काठीवर खूण करावी. मग काठी बाहेर काढून नळीला बाहेरून लावून पाहावी. काठीचे टोक नळीच्या बुडाशी असलेल्या 'काना'पर्यंत, म्हणजे दारू पेटवायच्या छिद्रापर्यंत, पोहोचले तर नळी बहुधा रिकामी आहे. टोक दोन बोटे अलीकडेच राहिले तर आत काहीतरी आहे. ती कुंभारीण माशीने बांधलेली मातीची घरटी असू शकतात किंवा दारू आणि गोळीही असू शकते. काय आहे हे स्वतः खरवडून पाहू नये. तेल ओतणे, तापवणे, ड्रिल लावणे हे तर बिलकूल नको. वस्तू आहे तिथेच ठेवावी, घरातल्या मुलांना दूर करावे आणि पोलिसांना फोन करावा.

काडतुसांच्या रिव्हॉल्व्हरची किंवा पिस्तुलाची ही परीक्षासुद्धा करू नये. हात न लावता पोलिसांना कळवावे.

कायदा काय सांगतो

आपल्याकडे या विषयाचा पाया म्हणजे शस्त्र अधिनियम, १९५९. कलम ३ प्रमाणे अग्निशस्त्र बाळगायला परवाना लागतो. कलम ४५ मध्ये काही अपवाद दिले आहेत. जुनाट बनावटीचे, पुरातन मूल्याचे किंवा मोडलेले शस्त्र, जे दुरुस्ती करून किंवा न करताही अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नाही, त्याला हा अधिनियम लागू होत नाही. या वाक्यातले 'दुरुस्ती करून' हे शब्द संग्राहकाने ध्यानात ठेवावेत. आज घोडा हलत नाही एवढ्याने सूट मिळत नाही. कसबी लोहार दोन दिवसांत ते चालू करू शकत असेल, तर सूट मिळण्याची शक्यता संपते.

फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने शस्त्र नियम, २०१६ मध्ये दुरुस्ती केली. 'क्युरिओ' या वर्गात मोडणारी छोटी शस्त्रे मिळवायला आणि बाळगायला भारतीय नागरिकाला परवाना लागणार नाही, असे त्यात आले. मात्र ती वापरायला, बरोबर न्यायला किंवा एका जागेहून दुसरीकडे हलवायला परवाना लागतोच. पिस्तूल घरात ठेवण्याची मुभा मिळाली, तरी ते पिशवीत घालून कारागिराकडे नेण्याची मुभा मिळत नाही. शिवाय तुमची वस्तू या वर्गात बसते की नाही, हे तुम्ही स्वतः ठरवायचे नसते. संग्रहालयातल्या जाणकाराचे मत आणि परवाना अधिकाऱ्याचे लेखी उत्तर, ही दोन कागदपत्रे हाती असतील तरच निश्चिंत व्हावे.

दुरुस्तीबद्दल कायदा आणखी कडक आहे. कलम ५ प्रमाणे अग्निशस्त्र बनवणे, विकणे, बदलणे, दुरुस्त करणे किंवा चाचणी घेणे या सगळ्याला वेगळा परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या भंगाला किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेपेची शिक्षा आहे. परवान्याशिवाय साधे अग्निशस्त्र बाळगल्यास दोन ते पाच वर्षे. ओळखीच्या लेथवाल्याकडून नवी कमान करून घेणे किंवा बुजलेला कान पुन्हा पाडून घेणे ही घरगुती डागडुजी ठरत नाही. त्या लेथवाल्यालाही तुम्ही अडचणीत टाकता.

वसई-विरारकरांनी अर्ज कोणाकडे करायचा? १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले आहे. आयुक्तालयाच्या हद्दीत परवान्याचे काम पोलीस आयुक्तांकडे असते. पालघर, डहाणू, जव्हार, मोखाडा अशा उरलेल्या भागात ते जिल्हाधिकाऱ्यांकडे असते.

घरात अचानक शस्त्र सापडले तर पुढील क्रम ठेवावा:

१. ते आहे तिथेच, आहे तसेच ठेवावे. विरार लोकलमध्ये पिशवीत घालून पोलीस ठाण्यात 'दाखवायला' नेऊ नये. चांगल्या हेतूने केलेला तो प्रवासही बेकायदा वाहतूक ठरू शकतो.

२. न हलवता शक्य तितक्या बाजूंनी फोटो काढावेत. कुठे, कधी आणि कोणाच्या समक्ष सापडले ते लिहून ठेवावे.

३. फौजदारी काम पाहणाऱ्या वकिलाचा सल्ला घेऊन स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी.

४. आजोबांचा किंवा वडिलांचा परवाना होता का, ते कागदांत शोधावे. परवानाधारक वारला असेल तर वारसाने वेळ न घालवता, आधी पोलिसांना लेखी कळवून, शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे आणि वारसाहक्काने परवान्यासाठी अर्ज करावा. एका व्यक्तीच्या नावावर दोनच अग्निशस्त्रे राहू शकतात. २०१९ पूर्वी ही मर्यादा तीनची होती. वारशाने आलेल्या शस्त्रालाही दोनचीच मर्यादा आहे.

५. लेखी उत्तर मिळेपर्यंत साफसफाईसुद्धा करू नये.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. वेब्ली रिव्हॉल्व्हरचे सहावे मॉडेल ब्रिटिश फौजेने १९१५ मध्ये स्वीकारले. म्हणजे त्याने शंभरी ओलांडली. पण ते काडतुसाचे शस्त्र आहे, आणि त्याचा .४५५ बोअर आपल्याकडे नागरिकांसाठी प्रतिबंधित मानला जातो. दुसऱ्या महायुद्धातले .३८ बोअरचे एनफिल्ड रिव्हॉल्व्हरही तसेच. नुसते वय झाले म्हणून अशा शस्त्राला सूट मिळेल असे समजू नये. प्रतिबंधित शस्त्र बाळगण्याची शिक्षा सात ते चौदा वर्षे आहे.

परदेशातल्या नातेवाइकांकडून ऐकलेली माहितीही इथे चालत नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेले पिस्तूल 'अँटिक' धरले जाते. आपल्या अधिनियमातील सूट अशा सनावर ठरत नाही, शस्त्र वापरता येईल का यावर ठरते. तिकडे कायदेशीरपणे घेतलेले पिस्तूल सामानात घालून मुंबईच्या विमानतळावर उतरणे म्हणजे विनापरवाना आयात होय. ती कलम १० मध्ये येते.

याशिवाय शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला पुरातन वस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ लागू होतो. अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना असावा लागतो.

ओळख: कोणते पिस्तूल कुठल्या काळातले

पिस्तुलाचे वय त्याचा बार पेटवण्याच्या युक्तीवरून कळते. सर्वांत जुनी युक्ती जामगीची, म्हणजे धुमसत्या वातीची. मराठी फौजेतल्या पायदळाच्या लांब बंदुका बहुतेक या जातीच्या होत्या. जामगीचे पिस्तूल मात्र दुर्मीळ आहे, कारण पेटती वात घेऊन ते कमरेला किंवा खोगिराला लावता येत नाही. त्यामुळे कोणी 'शिवकाळातले जामगीचे पिस्तूल' विकायला आणले तर आधी शंका घ्यावी.

पुढची युक्ती चकमकीची. घोड्याच्या जबड्यात गारगोटी धरलेली असते. ती पोलादी पट्टीवर आपटली की ठिणग्या पडतात, बाहेरच्या वाटीतली रंजक पेटते आणि कानातून आग आत जाते. सतराव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या पूर्वार्धापर्यंत युरोपी फौजांची पिस्तुले या पद्धतीची होती. घोडेस्वार आणि अधिकारी ती वापरत.

त्यानंतर आली टोपी. कोकणात तिला केप म्हणतात. पोकळ कांडीवर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची आणि तिच्यावर घोडा आपटायचा. आघाताने पेटणाऱ्या रसायनाचे पेटंट स्कॉटलंडच्या फोर्साइथ या पाद्र्याने १८०७ मध्ये घेतले. तांब्याची टोपी त्यानंतरची आणि ब्रिटिश फौजेत ती सर्रास झाली १८४० च्या दशकात. यावरून घरातल्या दंतकथा तपासता येतात. 'वसईच्या लढाईत आमच्या पूर्वजांनी फिरंग्याकडून हिसकावलेले पिस्तूल' टोपीचे असेल, तर ते १७३९ चे असू शकत नाही. एक पळवाट मात्र आहे: अनेक चकमकी पिस्तुले पुढे टोपीवर बदलून घेतली गेली. चाप-घोड्याच्या पट्टीवर जुन्या स्क्रूंची बुजवलेली भोके दिसली तर ते बदललेले पिस्तूल आहे असे समजावे.

ईस्ट इंडिया कंपनीची पिस्तुले आपल्याकडे इतरांपेक्षा जास्त सापडतात. त्यांच्या पट्टीवरचा छाप पाहावा. आधीच्या काळात चार भागांत विभागलेले हृदय आणि त्यात कंपनीची आद्याक्षरे असत. साधारण १८०८ नंतर त्याची जागा मागच्या पायांवर उभ्या सिंहाने घेतली. ब्रिटिश सरकारी शस्त्रांवर राजमुकुट, राजाची आद्याक्षरे आणि 'टॉवर' हा शब्द आढळतो. घोडदळाच्या पिस्तुलाचा ठासायचा गज नळीच्या तोंडाशी बिजागरीने जोडलेला असतो, म्हणजे दौडत्या घोड्यावरून तो पडू नये. दस्त्याच्या बुडाला दोरी अडकवायची कडी असेल, तर ती लष्करी वापराची आणखी एक खूण.

वंशपरंपरेची कथा आणि पुरावा यांत फरक असतो. वसईच्या विजयानंतर पोर्तुगीज चर्चच्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत गेल्या. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आहे. घंटेवर साल असल्याने तिची कथा टिकते. पिस्तुलावर छाप, साल किंवा सोबत जुना परवाना, पत्र, फोटो असेल तरच कथेला वजन येते.

बाजारातली खरी-खोटी

मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर पितळेने मढवलेली 'अँटिक' पिस्तुले टांगलेली दिसतात. त्यातली बहुतेक दिवाणखान्यात टांगण्यासाठी अलीकडे बनवलेली असतात. शोभेची म्हणून घेतली तर तक्रार नाही. फक्त अस्सल म्हणून पैसे मोजू नयेत आणि ती बार काढण्याजोगी तर नाहीत ना, एवढे नक्की पाहावे.

नकली ओळखायच्या काही खुणा अशा. ओतीव पट्टीवर बारीक फोड आणि साच्याची शिवण दिसते, अस्सल पट्टी घडवून कानशीने साफ केलेली असते. अक्षरे वाकडी, खोली कमी-जास्त, कधी इंग्रजी अक्षर उलटे कोरलेले असते. वायव्य सरहद्दीवर बनलेल्या नकलांची ती प्रसिद्ध खूण आहे. अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू असेल तर वस्तू विसाव्या शतकातली किंवा त्या काळात हात लागलेली. आम्लाने आणलेला गंज सगळीकडे सारखा पसरतो. खरा जुना गंज हात लागतो तिथे कमी, खाचाखोचांत जास्त असतो. लाकूड धातूला चिकटून बसलेले हवे, फटी पुट्टीने भरलेल्या नकोत.

विक्रेत्याकडे तीन गोष्टी मागाव्यात: पुरातन वस्तूंच्या व्यापाराचा परवाना, लेखी पावती आणि वस्तू कुठून आली याची नोंद. 'पावती नको, भाव कमी करतो' असे म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नये.

नवख्याने पिस्तुलापासून सुरुवात करूच नये. दारू ठेवायची शिंगे आणि कुप्या, गोळ्या ओतायचे साचे, खोगिराला लावायच्या पिस्तुलाच्या चामडी म्यानी, लष्करी पट्ट्यांची पितळी बकले, जुने शस्त्र परवाने, फोटो, नकाशे यांचा संग्रह तितकाच बोलका होतो आणि कायद्याची कटकट फारच कमी. सुटे किरकोळ भाग, जे जोडून शस्त्र तयार करण्याचा हेतू नाही, त्यांनाही कलम ४५ मध्ये सूट आहे. साचा घेतला तरी त्यात शिसे ओतून पाहू नये आणि कुपीत दारू उरली असेल तर ती घरात ठेवू नये.

किल्ल्यातून वस्तू उचलणे तर साफ वर्ज्य. वसईचा किल्ला हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातले संरक्षित स्मारक आहे. तिथे उकरणे, धातुशोधक यंत्र फिरवणे, तोफगोळा किंवा गोळी खिशात घालणे हा गुन्हा आहे. आपल्या खासगी वाडीत पाया खणताना जमिनीतून दहा रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली जुनी वस्तू निघाली, तरी १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. आणि जमिनीतून निघालेले लोखंड घासून साफ करू नये. त्यात क्षार मुरलेले असतात. हवेत येताच ते पापुद्रे सोडू लागते आणि ते थांबवणे प्रयोगशाळेचे काम आहे.

जतन: किती करावे, कुठे थांबावे

कागदपत्रे हाती आली आणि नळी रिकामी असल्याची खात्री झाली की जतनाला लागावे. नियम एकच: जे केले ते पुढच्या पिढीला पुसून टाकता आले पाहिजे. मेण पुसता येते. घासून गेलेला छाप पुन्हा आणता येत नाही.

आधी फोटो काढावेत, वजन आणि लांबी लिहावी. मऊ केसांच्या ब्रशने धूळ झाडावी. हातात नायट्राइलचे मोजे असावेत, कारण घामातल्या मिठाने लोखंडावर दोन दिवसांत बोटांचे ठसे उमटतात.

लोखंडावरचा गंज दोन प्रकारचा असतो. तपकिरी-काळा, कडक, गुळगुळीत थर हा स्थिर असतो. तो वस्तूचे वय दाखवतो आणि खालच्या लोखंडाला थोडेफार राखतोही. त्याला हात लावू नये. नारिंगी, भुसभुशीत, बोटाला लागणारा गंज चालू असतो. तो काढावा. त्यासाठी शून्य-शून्य-शून्य-शून्य क्रमांकाची सर्वांत बारीक स्टीलवूल हलक्या मशीन तेलात बुडवून हळूहळू फिरवावी आणि खालचा काळा थर दिसताच थांबावे. जाड पापुद्रा बांबूच्या टोकदार काडीने किंवा पितळी पातीने भिंग लावून उचलावा. गंजावर तांबूस पाण्याचे थेंब 'घामा'सारखे जमत असतील, तर आत क्लोराइड आहे. समुद्राकाठी हे नेहमी दिसते. तिथे आपले काम थांबवून धातुसंवर्धकाला बोलवावे.

शेवटी तेलाचा अंश व्हाइट स्पिरिटच्या बोळ्याने पुसून सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात द्यावा आणि सुती फडक्याने चमकवावे. ब्रिटिश म्युझियममध्ये तयार झालेले 'रेनेसान्स वॅक्स' या कामाला जगभर वापरतात.

काही घरगुती उपाय मात्र जुन्या वस्तूचे वाटोळे करतात:

• चिंच, लिंबू, व्हिनेगर: गंजाबरोबर लोखंडही खातात आणि छाप पुसतात.

• खोबरेल तेल: काही महिन्यांत चिकट होते, धूळ धरते, आंबते.

• सँडपेपर, वायरब्रश, बफिंगचे चाक: लोखंड आरशासारखे चकाकते आणि वस्तूची किंमत व पुरावा दोन्ही जातात.

• भांडी घासायची पावडर आणि अमोनियाचे पॉलिश: पितळेचा सोनेरी-तपकिरी पोत जातो. अमोनियाने ताणातले पितळ तडकूही शकते.

• बॅटरी चार्जरचे विद्युत-विघटन: जुन्या मिश्र वस्तूवर घरी करण्याचा हा प्रयोग नाही.

• पॉलियुरेथेनचा वार्निश: निघत नाही आणि आतला ओलावा कोंडतो.

लाकडी दस्त्याचे काम याहून थोडे असते. किंचित ओलसर केलेल्या बोळ्याने मळ पुसावा, लगेच कोरडे करावे आणि मेणाचा हात द्यावा. खाचांतला शंभर वर्षांचा काळसरपणा तसाच राहू द्यावा. पूर्वी चाप-घोड्याच्या यंत्राला दिलेले तेल लाकडात झिरपून ते मऊ पडलेले असते, म्हणून त्या भागात नवे तेल घालू नये. तडा गेला असेल तर फेव्हिकॉल किंवा इपॉक्सी भरू नये. संवर्धक जनावरी सरस वापरतात, कारण तो पुढे सोडवता येतो.

स्क्रू शक्यतो उघडू नयेत. जुन्या स्क्रूचे आटे हाताने पाडलेले असतात आणि प्रत्येक स्क्रू आपल्याच भोकात बसतो. साधा पेचकस घसरला की खाच फाटते आणि ती खूण कायमची राहते. यंत्रातली मुख्य कमान तर ताणलेली असते. पकडीने ओढल्यास ती तुटते किंवा डोळ्यात जाते. यंत्र आतून साफ करायचेच असेल तर अधिकाऱ्यांच्या परवानगीने, परवानाधारक शस्त्रकारागिराकडूनच करून घ्यावे. तुटलेली कमान तुटलेलीच ठेवावी. नवी कमान घालणे ही दुरुस्ती होय, आणि वर सांगितलेली सूट तिथेच जाते.

वसईच्या हवेत साठवण

आपल्याकडे खारे वारे, खाड्या, मिठागरे आणि चार महिन्यांचा पाऊस. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता दिवसच्या दिवस ऐंशी टक्क्यांवर राहते. लोखंडाला ती जितकी कमी तितकी बरी. पण लाकूड फार कोरडे झाले तर आकसते आणि नळीच्या बुडाशी तडकते. पिस्तुलात दोन्ही असल्याने ४५ ते ५० टक्के हा मध्यम मार्ग ठेवावा आणि आर्द्रता सतत वर-खाली होऊ देऊ नये.

त्यासाठी घट्ट झाकणाचा पॉलिप्रॉपिलिनचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटे आर्द्रतामापक एवढे पुरते. रंग बदलणारे नारिंगी सिलिका जेल घ्यावे. निळ्या दाण्यांत कोबाल्टचे विषारी क्षार असतात. दाणे रंग बदलले की ओव्हनमध्ये साधारण ११० ते १२० अंशांवर वाळवून पुन्हा वापरता येतात. जूनच्या आधी एकदा, ऑक्टोबरात एकदा आणि मधल्या महिन्यांत अधूनमधून डबा उघडून पाहावा.

पिस्तूल चामड्याच्या म्यानीत ठेवू नये. चामडे ओलावा धरते आणि कमावण्याच्या रसायनांनी लोखंड व पितळ खाते. म्यान वेगळी, पिस्तूल वेगळे. वर्तमानपत्र, लोकर, थर्मोकोल यांत गुंडाळू नये. खळ न दिलेले, दोनदा धुतलेले मांजरपाट चांगले. नवे प्लायवूडचे कपाटही टाळावे, त्यातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसे पांढरे पडते. शिशाच्या जुन्या गोळ्यांवरची पांढरी भुकटी विषारी असते. तिला उघडा हात लावू नये.

डबा कुलपात ठेवावा. दिवाणखान्यात भिंतीवर खिळ्याला टांगलेले पिस्तूल पाहुण्यांना दिसते, तसे चोरालाही दिसते. समाजमाध्यमांवर फोटो टाकून पत्ता जाहीर करणेही टाळावे.

नोंदवही

प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा, पण तो वस्तूवर कोरू नये. सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधावी. नोंदवहीत लांबी, नळीचा व्यास, वजन, सर्व छापांचे फोटो, कुठून व कधी मिळाली, पावती, पोलिसांशी झालेला पत्रव्यवहार आणि तुम्ही केलेला प्रत्येक उपचार तारखेसह लिहावा. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीही लिहाव्यात, मात्र 'ऐकीव' असा शेरा मारून. वारसांना वस्तूबरोबर ही वही मिळाली तर त्यांच्या अर्ध्या अडचणी सुटतात.

पाहावे कुठे, विचारावे कोणाला

अस्सल वस्तू पाहिल्याशिवाय नकली कळत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांचे दालन आहे आणि त्याच संस्थेचे कलासंवर्धन केंद्रही आहे. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय, कोल्हापुरात न्यू पॅलेसमधला छत्रपतींचा संग्रह, नागपुरात १८६३ मध्ये सुरू झालेले मध्यवर्ती संग्रहालय इथे जुन्या बंदुका-पिस्तुले पाहता येतात. कंपनीचा सिंह, चकमकीचा जबडा, बिजागरीचा गज तिथे नीट पाहून मगच बाजारात पाऊल टाकावे. संवर्धनाच्या तांत्रिक प्रश्नांसाठी इन्टॅक ही संस्था आणि लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संवर्धन संशोधन प्रयोगशाळा आहे.

वस्तू सांभाळणे झेपत नसेल, मुले परदेशी असतील, जागा लहान असेल, तर ती संग्रहालयाला देण्याचा विचार जरूर करावा. देताना परवाना अधिकाऱ्यांना कळवावे, लेखी दानपत्र करावे आणि आपल्या घराची, गावाची नोंद त्यात घालून घ्यावी. वसई-विरारमधली जुनी घरे झपाट्याने जात आहेत. त्यांतून निघालेली पिस्तुले भंगारात गेली, गुपचूप विकली गेली किंवा कोणी हौसेने 'चालू' केली, तर या मुलखाच्या इतिहासाचा तेवढा पुरावा कायमचा जाईल. म्हणून पेटाऱ्यात पिस्तूल निघाले तर घासायला घेऊ नका. फोटो काढा, लेखी कळवा आणि लेखी उत्तर येईपर्यंत त्याला हात लावू नका.